जुन्नर

जुन्नर हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठचे प्राचीन शहर असून जुन्नर तालुक्याचे मुख्यालय आहे. सातवाहन काळात कोकणातील बंदरांना दख्खनच्या पठाराशी जोडणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील ही मुख्य बाजारपेठ होती. शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत. एका ठिकाणी लेण्यांची एवढी मोठी संख्या भारतात अन्यत्र क्वचितच आढळते. निजामशाहीचा आरंभ याच शहरात झाला आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शहरालगतच्या शिवनेरी किल्ल्यावर झाला. आज जुन्नरची ओळख बहुधा शिवनेरी आणि अष्टविनायकांपैकी लेण्याद्री यांपुरती राहिली आहे. मात्र या दोन्ही स्थळांच्या मागे उभे असलेले व्यापारी नगर त्यांच्याहून जुने आहे.

स्थान आणि नाव

जुन्नर पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस शिवनेरी, उत्तरेस लेण्याद्री आणि दक्षिणेस मानमोडी असे डोंगर आहेत. कुकडी नदी पश्चिमेकडील सह्याद्रीत उगम पावून शहराजवळून वाहते आणि पुढे घोड नदीला मिळते. पश्चिमेकडे जाताना खोरे अरुंद होत जाते व शेवटी सह्याद्रीचा कडा लागतो. त्या कड्यातून खाली उतरणारी वाट म्हणजे नाणेघाट.

‘जीर्णनगर’ म्हणजे जुने नगर, या शब्दावरून ‘जुन्नर’ हे नाव आले अशी व्युत्पत्ती रूढ आहे. ती खरी मानल्यास शहराला हे नाव पडले तेव्हाच ते जुने म्हणून ओळखले जात होते, असे म्हणावे लागते. सातवाहन काळात नगराचे मूळ नाव काय होते याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

नाणेघाट

जुन्नरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, घाटघर गावाजवळ नाणेघाटाचा माथा आहे. खाली मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून येणारी वाट काही ठिकाणी खडकात खोदलेली व दगडी फरसबंदीची आहे. येथून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाता येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख येतो. तांबड्या समुद्रावरील इजिप्तची बंदरे, अरबी समुद्र, कोकण किनारा आणि घाटमाथा अशा साखळीतील जुन्नर हा एक दुवा होता.

घाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. ते भिक्षूंच्या निवासासाठी नसून सातवाहन राजघराण्याचे स्मारक होते. मागील भिंतीवर राजपरिवारातील व्यक्तींच्या उठावाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा सातकर्णी, महारठी आणि राजकुमार यांची नावे प्रतिमांवर लिहिलेली होती. आज प्रतिमा नष्ट झाल्या असून काही ठिकाणी केवळ पावलांच्या खुणा आणि वरची नावे उरली आहेत. सातवाहन राजांची एवढी जुनी समूहप्रतिमा अन्यत्र उपलब्ध नसल्याने ही हानी भरून येणारी नाही.

डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला नागनिकेचा लेख मात्र बऱ्याच अंशी वाचता येतो. इंग्रज अधिकारी विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याकडे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचे वाचन व अर्थनिर्णय केला. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. त्यानंतर अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद येते. १,७०० गाई व १० हत्ती, ११,००० गाई व १,००० घोडे, हजारोंनी कार्षापण नाणी अशी ही गणती आहे. आकड्यांत अतिशयोक्ती असू शकते. तरीही ते ज्या चिन्हांनी लिहिले आहेत त्यांचे महत्त्व वेगळेच आहे. भारतीय अंकचिन्हांच्या प्राचीन रूपांचा हा एक मोठा संच असून गणिताच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी होतो. या पद्धतीत शून्य व स्थानमूल्य नाही. दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत.

वैदिक यज्ञांचा गौरव करणारा हा लेख एका व्यापारी वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशा जागी कोरलेला आहे, आणि त्याच वाटेने पुढे गेल्यावर बौद्ध लेण्यांचे नगर लागते. या दोन गोष्टी एकमेकांच्या विरोधात नव्हत्या. राजाश्रय यज्ञांना आणि व्यापाऱ्यांचे दान प्रामुख्याने बौद्ध संघाला, अशी विभागणी जुन्नरच्या लेखांत स्पष्ट दिसते.

घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात व त्यावरून घाटाला नाव मिळाले, असे सांगितले जाते. रांजण जकातीचाच होता याला लेखी पुरावा नाही, परंतु एवढ्या वर्दळीच्या घाटात जकात घेतली जात नसेल हे संभवत नाही. घाटाशेजारचा सुळका ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जातो.

लेणी आणि त्यांचे दाते

जुन्नरची लेणी इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळातील आहेत. बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा येथे दिसत नाही. पूजेचे स्थान स्तूपाला आहे. अजिंठ्याची चित्रे किंवा कार्ल्याची भव्यता यांच्याशी तुलना केल्यास ही लेणी साधी वाटतात आणि त्यामुळेच बहुधा पर्यटकांकडून दुर्लक्षित राहतात. त्यांचे खरे वैभव शिल्पांपेक्षा शिलालेखांत आहे. तीसहून अधिक लेखांमधून दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नगरातील सामान्य नागरिकांची नावे, व्यवसाय आणि व्यवहार समजतात.

तुळजालेणी ही शहराच्या पश्चिमेस असून सर्वांत जुन्या गटांपैकी आहेत. येथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्यभागी स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटाकार छत अशी त्याची रचना आहे. राजस्थानातील बैराट येथे विटा व लाकडाच्या वर्तुळाकार चैत्याचे अवशेष मिळाले आहेत, पण खडकात कोरलेले असे चैत्यगृह पश्चिम भारतात जवळपास एकमेव आहे. दर्शनी भाग कोसळल्यामुळे आतील खांब थेट बाहेरून दिसतात. शेजारच्या लेण्यात तुळजादेवीचे स्थान आहे व त्यावरूनच गटाला नाव मिळाले.

मानमोडीच्या डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने मंडप व पाण्याचे टाके दान केल्याचा लेख आहे. त्यात ४६ हे वर्ष दिले आहे. ते शक संवताचे मानल्यास इसवी सन १२४ येते. या लेखावरून सातवाहनांच्या हातून जुन्नर काही काळ पश्चिमी क्षत्रपांकडे गेले होते हे निश्चित होते. अंबा-अंबिका गटातील लेण्यांचा पुढे जैनांनी उपयोग केला. भूतलिंग गटातील चैत्याच्या कमानीत अर्धकमळाच्या पाकळ्यांमध्ये गजलक्ष्मी व उपासक कोरलेले आहेत, आणि तेथेच चंद नावाच्या यवनाने हे दर्शनी काम दान केल्याचा लेख आहे.

यवन दाते शिवनेरीच्या लेण्यांतही आहेत. इरिल याने दोन टाकी, तर चिट याने भोजनमंडप दिला. दोघांच्या नावांपुढे ‘गतांचा’ असे विशेषण आहे. एका मतानुसार हे गत म्हणजे युरोपातील गॉथ, परंतु हा तर्क फारसा मान्य झालेला नाही. ‘यवन’ हा शब्द मुळात ग्रीकांसाठी असला तरी त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या अनेकांना तो लावला जात असे. हे लोक समुद्रमार्गे नुकतेच आले होते की पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत होते, हे लेख सांगत नाहीत. नावांचे प्राकृत वळण आणि बौद्ध संघाला दिलेले दान पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते. भिक्षूंच्या पाण्याची व जेवणाची सोय करणारा परदेशी वंशाचा माणूस हा येथे पाहुणा नसून नगराचा रहिवासीच असावा.

व्यापारी श्रेणींचे लेख याहून बोलके आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दान केले. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवून तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चालवावा, अशीही व्यवस्था एका लेखात आहे. आडुथुम नावाच्या एका शकाने करंज व वडाच्या झाडांसाठी शेतजमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे सोपवले. श्रेणी ही केवळ कारागिरांची संघटना नव्हती. ती लोकांच्या विश्वासाला पात्र अशी पेढीही होती. ठेव कायम राहावी आणि केवळ तिचे उत्पन्न खर्च व्हावे ही कल्पना येथे इतक्या सहजपणे नोंदलेली आहे की ती त्या काळी सर्वपरिचित असली पाहिजे.

लेण्याद्री

शहराच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवरील लेण्याद्री अथवा गणेश पहाडात तीस लेणी आहेत. डोंगराच्या पायथ्यापासून सुमारे तीनशे पायऱ्या चढून वर जावे लागते. सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा असून खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह इत्यादी प्राणी कोरलेले आहेत. कार्ले व भाजे येथे छताला खरीखुरी लाकडी कमानीची कडी बसवलेली आहेत. येथे तीच कडी दगडातून कोरून काढली आहेत. लाकडी बांधकामाचे अनुकरण करता करता कारागिरांनी लाकूडच वगळल्याचे हे ठळक उदाहरण आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दान केल्याचे लेखात म्हटले आहे. घाटाखालच्या बंदरातील व्यक्ती घाटावर दान देते, याहून नाणेघाटाच्या उपयोगाचा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

शेजारचे सातवे लेणे हा गटातील सर्वांत मोठा विहार आहे. खांब नसलेले प्रशस्त दालन आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या अशी त्याची रचना आहे. याच विहारात पुढील काळात गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली. पार्वतीने येथे तप केले अशी श्रद्धा आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेले हे एकमेव स्थान होय. मूर्ती स्वतंत्र नसून खडकाच्या भिंतीतच आहे. दर्शनासाठी येणारे बहुसंख्य भाविक ज्या दालनात उभे राहतात ते मूळचे बौद्ध विहार असल्याची माहिती त्यांना क्वचितच असते.

मध्ययुग

सातवाहनोत्तर काळातील जुन्नरची माहिती तुटक आहे. कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे असलेले कुकडेश्वराचे शिवमंदिर हा या काळातील महत्त्वाचा अवशेष आहे. परंपरेने ते शिलाहार राजा झंझ याच्याशी जोडले जाते.

पंधराव्या शतकात शहर बहामनी राज्यात होते. रशियातील त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन हा सातव्या-आठव्या दशकात चौल बंदरात उतरून घाटमार्गे जुन्नरला आला. वास्को द गामाच्या सुमारे तीन दशके आधीचा हा प्रवास आहे. त्याच्याजवळ विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. पाऊस सुरू झाल्याने त्याला दोन महिने जुन्नरला अडकून पडावे लागले. चार महिने सर्वत्र पाणी आणि चिखल असतो, घोड्यांना येथे वाटाणे व खिचडी चारतात, आणि खडकावरच्या नगरात जाणारी वाट इतकी अरुंद आहे की एका वेळी एकच माणूस चढू शकतो, असे त्याने लिहिले आहे. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो मुसलमान नसल्याचे कळताच घोडा जप्त केला. धर्म बदलल्यास घोडा व हजार मोहरा मिळतील, न बदलल्यास घोडा जाईल आणि हजार मोहरा दंड भरावा लागेल, अशी अट घालून त्याला चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्याच्या सुमारास आलेल्या खुरासानच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. निकितिनने आपल्या देशबांधवांना दिलेला इशारा यानंतरच येतो: हिंदुस्थानात फायदेशीर व्यापार करायचा असेल तर धर्म घरी ठेवून यावे, असा त्याचा आशय आहे.

बहामनी सत्ता खिळखिळी होताच जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने शिवनेरी ताब्यात घेतला व १४९० मध्ये बहामनी सैन्याचा पराभव करून निजामशाही स्थापन केली. नव्या राज्याची पहिली राजधानी जुन्नरच होती. १४९४ मध्ये अहमदनगर वसवल्यानंतर तिचे महत्त्व घटले, पण संकटकाळी निजामशाही पुन्हा याच खोऱ्याकडे वळली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर मलिक अंबर याने दुसऱ्या मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. सन १६१० मध्ये ती दौलताबादला गेली.

मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतील इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा तरुण बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. जमीन महसुलाची त्याची पद्धत पुढेही दख्खनमध्ये आदर्श मानली गेली. दख्खनमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांना हबशी म्हणत. जुन्नरजवळच्या हापूसबाग या गावाचे नाव आंब्यावरून नव्हे तर ‘हबशी बाग’ यावरून आले असे सांगितले जाते. तेथील जुनी वास्तू आणि त्या परिसरातील कोरीव दगडी ‘सौदागर घुमट’ हे निजामशाही जुन्नरचे उरलेले ठसठशीत अवशेष आहेत.

शिवनेरी

शहरालगतच्या शिवनेरी किल्ल्यावर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शहाजीराजांच्या धावपळीच्या काळात जिजाबाईंना सुरक्षिततेसाठी येथे ठेवण्यात आले होते. निजामशाहीच्या अस्तानंतर किल्ला मोगलांकडे गेला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये रात्रीच्या वेळी तटाला दोरशिड्या लावून जुन्नर शहरावर छापा घातला आणि सुमारे तीन लाख होन व घोडे मिळवले. मात्र जन्मस्थानाचा हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास तो पेशव्यांकडे आला व १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

पायऱ्यांच्या मुख्य वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. दुसरी, साखळीची वाट अवघड असून अनुभव नसलेल्यांनी तिच्या वाट्याला न जाणे बरे. गडावर शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, कमानी मशीद, जन्मस्थानाची वास्तू, शिवकुंज आणि कडेलोट कडा ही ठिकाणे आहेत. कड्यांत खोदलेल्या बौद्ध लेण्यांपैकी एका चैत्यगृहाच्या छतावर जुन्या रंगकामाच्या खुणा टिकून आहेत. हे चैत्यगृह वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने सर्व लोकांच्या हितसुखासाठी दिले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत शिवनेरी आहे. नाणेघाट व लेणी या नोंदीच्या बाहेर आहेत.

परिसरातील चावंड, हडसर, जीवधन व निमगिरी हे किल्ले घाटवाटांच्या संरक्षणासाठी होते. चावंडवर बहादूर निजामशहाला लहानपणी कैदेत ठेवले होते.

आधुनिक काळ

पेशवाईत व नंतरही जुन्नर हातकागदासाठी प्रसिद्ध होते. ‘जुन्नरी कागद’ दफ्तरांत वापरला जाई. गिरणीच्या कागदापुढे हा व्यवसाय टिकला नाही. घाटाखालून रेल्वे आणि इतर मार्ग निघाल्यावर नाणेघाटाची व्यापारी वाटही ओस पडली. आज कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज आदी धरणांमुळे तालुका बागायती झाला आहे. उसाच्या शेतांत वावरणाऱ्या बिबट्यांमुळे माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभारावे लागले. तालुक्यातील खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शहरात केलेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. प्राचीन नगराचा मोठा भाग सध्याच्या घरांखाली असल्याने विस्तृत उत्खननाला मर्यादा आहेत. जुनी घरे पाडून नवी बांधताना जोत्याखालचे थर कोणत्याही नोंदीविना उपसले जाण्याचा धोका त्यामुळे कायम आहे.

भेट

पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव येथून जुन्नर सुमारे १५ किलोमीटरवर आहे. पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी–मारुंजी भागातून येणाऱ्यांना चाकण येथे हा महामार्ग गाठून राजगुरुनगर, मंचरमार्गे नारायणगावला पोहोचता येते. शिवनेरी आणि लेण्याद्री एका दिवसात पाहून होतात. मानमोडी व तुळजालेण्यांच्या वाटा कमी वापरात असल्याने तेथे स्थानिक माहितगार सोबत असावा. नाणेघाटासाठी स्वतंत्र दिवस राखणे योग्य. पावसाळ्यात घाटमाथा धुक्यात असतो आणि लेण्यात अंधार असल्याने भिंतींवरील अक्षरे दिसत नाहीत. हिवाळ्यात दुपारनंतर, पश्चिमेचा प्रकाश आत येतो तेव्हा ती वाचण्यास सर्वांत सोपी असतात.